एका फुटाला अर्धा इंच

आपल्या गटांच्या या कार्यक्रमात आपण नेहमी बचत, कर्ज, परसबाग, आरोग्य यांवर बोलतो. आज आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. आज बोलायचं आहे ते लाकडाच्या लहान होड्या बनवण्याच्या छंदावर. हो, छंदच. तुम्ही लगेच विचाराल, "ताई, यातून सुटतं किती?" या प्रश्नानं आम्हांलाही एकदा चांगलंच गोत्यात आणलं होतं. तेही सांगणार आहोत, पण शेवटी. आधी होडी कशी करायची ते ऐका.

आमचा गट कोकण किनाऱ्यावरचा. गटातल्या निम्म्या बायका मासे विकतात. आपल्या राज्यात जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ तो. होड्या वाळूवर ओढून झापांखाली झाकलेल्या, पाट्या उपड्या घातलेल्या. दोन वर्षांपूर्वी अशाच जूनमध्ये गटाची सभा होती. आमच्या एक मावशी, साठी ओलांडलेल्या, पदराखाली काहीतरी घेऊन आल्या. बघतो तर एक फळी. हातभर लांब, काळीशार, तेल पिऊन जड झालेली. त्यांच्या घरची लाकडी होडी त्या वर्षी मोडीत काढली होती. मुलानं फायबरची घेतली. त्याचं काही चुकलं नाही, कारण लाकडी होडीची दरवर्षीची डागडुजी आता परवडत नाही आणि ती करणारे मिस्त्रीही राहिले नाहीत. जुनी होडी तोडली, लाकूड जळणात गेलं. मावशी म्हणाल्या, "ह्यी फळी चुलीत घालूक माजो हात धजलो नाय."

मग त्या हळूच म्हणाल्या, याची एक लहान होडी करता येईल का? आमच्यातल्या काही हसल्या. एकीनं विचारलं, खेळायला का? पण आम्ही दोघी-तिघी गप्प झालो. लग्न होऊन आल्यापासून त्या होडीचे मासे मावशींनी विकले, तिची पूजा केली, वादळात तिच्यासाठी रात्र रात्र जागल्या. पण आमच्या वाडीत बाईनं होडीत पाय ठेवायची रीत नव्हती. पंचेचाळीस वर्षांत त्या एकदाही तिच्यात बसल्या नव्हत्या. त्या पावसाळ्यात आम्ही पाचजणींनी मिळून ती होडी करायला घेतली.

जहाजांचे लहान नमुने बनवणं ही काही नवी हौस नव्हे. इजिप्तमध्ये चार हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत वल्हेकऱ्यांसकट लाकडी नावा सापडल्या आहेत. आपल्याकडे गुजरातेत लोथलला मातीची नाव मिळाली, तीही त्याच तोलाची जुनी. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात लढाऊ जहाजांचे नमुने करत, तेव्हा काहींच्या खालच्या फळ्या मुद्दाम लावत नसत. आतल्या फासळ्या दिसाव्यात म्हणून. नेपोलियनच्या लढायांत इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या फ्रेंच खलाशांनी तर जेवणातली हाडं साठवून त्यांची जहाजं कोरली. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये छताला लहान जहाजं टांगलेली असतात, समुद्रावर गेलेल्यांसाठी वाहिलेली. जिथे समुद्रावर पोट आहे तिथे कुणी ना कुणी होडी लहान करून घरात आणली आहे.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट, माप. नमुना आणि खेळणं यांत फरक एवढाच की नमुन्यात सगळं एकाच प्रमाणात लहान होतं. आम्ही प्रमाण धरलं एका फुटाला अर्धा इंच. खरी वस्तू नमुन्याच्या चोवीस पट. हिशेब सोपा आहे, फुटांची संख्या घ्यायची आणि तिचे निम्मे इंच करायचे. तीस फुटांची होडी पंधरा इंच लांब होते, आठ फूट रुंदी चार इंच होते. चार फूट खोली दोन इंचांत बसते, आणि चोवीस फुटांची डोलकाठी बारा इंचांची होते. साडेपाच फुटांचा माणूस होतो पावणेतीन इंचांचा. आम्ही मातीचा तेवढा एक माणूस करून होडीशेजारी उभा केला होता. काहीही नवीन लावलं की त्याच्याशी ताडून बघायचं. एकीनं सुकाणू केलं ते त्या माणसाच्या डोक्याच्याही वर गेलं, तेव्हा चूक लगेच कळली.

मावशींची होडी तर राहिली नव्हती. पण शेजारच्या बंदरात त्याच घडणीची एक लाकडी होडी झापाखाली होती. मालकाला विचारून आम्ही टेप, दोरी आणि ओळंबा घेऊन गेलो. दर तीन फुटांवर होडीची रुंदी घेतली: वर काठाशी, मध्ये, आणि तळाशी. वहीत तीन रकाने केले. गटाचं खातं लिहिणाऱ्या आमच्या सचिव ताईंनाच हे काम दिलं, कारण रकान्यात चूक झालेली त्यांना खपत नाही. माप घ्यायला होडीत चढावंच लागतं. मावशी काठाला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग टेपचं दुसरं टोक धरून चढल्या. त्यावर कुणी काही बोललं नाही, आम्हीही नाही.

दुसरी गोष्ट, लाकूड. खऱ्या होडीला सागवान, आईन, फणस, उंडी अशी लाकडं वापरतात. सागवानाची ताकद बघायची तर मुंबईच्या गोदीत 1817 साली सागवानात बांधलेलं ट्रिंकमली नावाचं जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही आहे. दोनशे वर्षं झाली. पण लहान कामाला सागवानच हवं असं नाही. शिवण हलकी आणि सरळ रेषांची असते, चांगली तासली जाते. सुताराकडे खिडक्या-दारांच्या कामातून उरलेले तुकडे मिळतात. लाकूड वाळलेलं हवं, ही अट मात्र सोडू नका. आम्ही तुकडे महिनाभर चुलीवरच्या माळ्यावर ठेवतो. ओलं लाकूड वाळताना आक्रसतं आणि सांधा उघडतो.

होडीचं अंग करायच्या तीन रीती आहेत. एक, अख्खा ठोकळा कोरायचा. दिसायला सोपी, पण एक घाव चुकला की संपलं. दुसरी, खऱ्या होडीसारखी: कणा उभा करायचा, त्यावर फासळ्या बसवायच्या आणि बाहेरून बारीक पट्ट्या जोडत जायच्या. ही सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत अवघड. तिसरी, थरांची. पहिल्यांदा करणाऱ्यांनी हीच करावी, म्हणून ती नीट सांगतो.

अर्धा इंच जाडीच्या चार फळ्या घ्या. प्रत्येक फळी म्हणजे होडीची एक फूट खोली. चार फळ्यांत चार फूट. वरची फळी काठाच्या आकाराची, सगळ्यांत रुंद. खालची त्याहून अरुंद, तिच्या खालची आणखी अरुंद. भाकरीची चळत असते तशी, फक्त खाली लहान होत गेलेली. प्रत्येक फळीवर मधोमध सरळ रेघ मारा. दर दीड इंचावर आडवी खूण करा, आणि वहीतली रुंदी निम्मी-निम्मी करून रेघेच्या दोन्ही बाजूंना टिंब द्या. टिंबं जोडली की होडीचा आकार उमटतो. आकार नेहमी फळीच्या वरच्या कडेचा घ्या. म्हणजे लाकूड थोडं जास्त राहतं. जास्तीचं तासता येतं, कमी पडलेलं जोडता येत नाही.

वरच्या तीन फळ्यांत, कडेपासून अर्धा इंच आत, दुसरी रेघ मारून मधलं लाकूड काढून टाका. हे कापायचं काम सुताराकडून करून घेतलं तरी त्यात काही कमीपणा नाही. आम्ही तेच केलं. सर्वांत खालची फळी अखंड ठेवा. मग लाकडाचा पांढरा गोंद लावून, मधल्या रेघा एकावर एक जुळवून थर चिकटवा. वर वजन ठेवा. आम्ही पाटा ठेवला, वरवंट्यासकट. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन दिवस हात लावू नका.

गोंद वाळला की होडी पायऱ्यापायऱ्यांची दिसते. आता पटाशीनं पायऱ्यांचे कोपरे काढायचे, मग कानस, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. इथे घाई करायची नाही. दोन्ही बाजू सारख्या होतात की नाही हे डोळ्याला वाटतं त्यावर सोडू नका. एका बाजूचा पुठ्ठ्याचा साचा कापा आणि तोच उलटून दुसऱ्या बाजूला लावा. ब्लाउजची बाही आपण अशीच तर जुळवतो. ज्या बहिणी शिवणकाम करतात त्यांना हे पटकन जमलं, आम्हांला बाकीच्यांना वेळ लागला. लाकूड घासताना नाकावर ओढणी बांधा, धूळ वाईट. पटाशी नेहमी अंगापासून दूर चालवा.

नंतर तळाखाली कणा आणि पुढे नाळ, म्हणजे होडीचं पुढचं उभं टोक, वेगळ्या लाकडाची करून बसवा. मावशींची काळी फळी आम्ही इथे वापरली. अख्खी होडी तिच्यातून निघाली नसती, पण कणा आणि नाळ निघाली. आत बांबूच्या बारीक कामट्या गरम पाण्यात भिजवून, तांब्याभोवती वाकवून फासळ्यांसारख्या लावल्या. गावातल्या एका वृद्ध मिस्त्रींना दाखवलं. आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या मिस्त्रींनी कागदावर नकाशा न काढता, नजरेच्या अंदाजानं होड्या बांधल्या आहेत. त्यांनी आमची होडी हातात फिरवून एकच गोष्ट सांगितली, "नाळ फार उभी झाली, हिला लाट फुटणार नाही." आम्ही नाळ काढून पुन्हा बसवली. खऱ्या होडीला आतबाहेर काजूच्या टरफलाचं तेल लावतात. नमुन्याला ते लावू नका, कातडी भाजते, फोड येतात. साधं जवसाचं तेल दोन हात पुरे.

आता डोलकाठी, दोर आणि शीड. आपल्याकडच्या जुन्या होड्यांची डोलकाठी किंचित पुढे झुकलेली असते आणि तिला लांब परबाण तिरपं बांधतात. परबाण म्हणजे ज्या लाकडाला शीड बांधतात ते. डोलकाठी वर निमुळती घासा, परबाणाला बांबूची काडी चालते. दोरांचं माप विसरू नका. खरा एक इंच जाडीचा दोर आपल्या नमुन्यावर एका मिलिमीटरचा होतो. सुती दोऱ्याचे तीन पदर एकत्र पिळले की छान दोर होतो. त्यावर मेण फिरवलं की लव बसते. शिडाला जुनं मऊ सुती कापड घ्या. खरं शीड अखंड कापडाचं नसतं, पट्टे जोडून शिवतात. म्हणून आम्ही कापडावर इंचाइंचावर बारीक धावदोरा घातला, तो पट्ट्यांच्या जोडासारखा दिसतो. मग ते शीड चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलं. पांढरंशुभ्र शीड नवं वाटतं, चहात बुडवलेलं वारा-पाऊस खाल्लेलं दिसतं.

ही चहाची युक्ती मॉरिशस बेटावरच्या कारागीर बायकांची. मॉरिशस म्हणजे तेच बेट, जिथे एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातून माणसं उसाच्या मळ्यांत मजुरीला गेली आणि जिथे आजही मराठी घरं गणपती बसवतात. तिथे 1968च्या सुमारास कुणीतरी हौसेखातर एक लहान जहाज कोरलं, आणि त्या हौसेचा बघता बघता मोठा धंदा झाला. व्हिक्टरी, बाउंटी अशा नामांकित जहाजांचे नमुने तिथे सागवानात आणि महोगनीत होतात, पर्यटक ते विकत नेतात. मोठ्या जहाजाला चारशे तासांपर्यंत काम लागतं. तिथे बहुतेक ठिकाणी लाकडाचा सांगाडा पुरुष करतात, आणि दोर ओवणं, गाठी मारणं, शीड शिवणं बायका करतात.

आता आमची चूक सांगतो. ती ऐका, कारण आपल्या गटांत ती सारखी होते.

मावशींची होडी नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी पुरी झाली. आम्ही घमेल्यात सोडली. आधी एका अंगावर कलंडली. तळात शिशाचे दोन तुकडे, मासे पकडायच्या जाळ्याचेच, मधोमध ठेवले तेव्हा सरळ उभी राहिली. सगळ्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. कुणीतरी फोटो काढला. तो फोटो फिरत फिरत एका प्रदर्शनवाल्यांपर्यंत गेला आणि त्यांनी विचारलं, दिवाळीपर्यंत चाळीस मिळतील का?

आम्ही हो म्हणालो. गट चालवणाऱ्यांनी, मावशींना न विचारता. गटाला उत्पन्न मिळेल, बैठकीत सांगायला काहीतरी होईल, असं वाटलं. लाकूड आणलं, ते वाळायला वेळ नव्हता. माणशी चार होड्या वाटून दिल्या. संध्याकाळी दिवा लावून बसायचो तेव्हा आधी गप्पा व्हायच्या, आता मोजणी व्हायला लागली. कुणाच्या किती झाल्या, कुणाच्या राहिल्या. दोघी बायका यायच्या बंद झाल्या. मावशीही बंद झाल्या. चाळीसपैकी तेवीस गेल्या. त्यांतल्या नऊ परत आल्या, कारण थर सुटले होते. लाकूड ओलं होतं, दुसरं काही नाही. गटाचे पैसे अडकले, ते फेडायला पुढचं सहामाही गेलं.

मावशींकडे माफी मागायला गेलो. त्यांनी चहा दिला. मग म्हणाल्या, "विकूक माजे मासे आसत. ही होडी माजी आसा."

मैत्रिणींनो, यावर आम्ही खूप विचार केला. बाईच्या हातात काही कला दिसली की आपण लगेच तिला किंमत लावतो. गोधडी चांगली शिवते, मग विक. रांगोळी चांगली काढते, मग क्लास घे. पैसा नको असं आम्ही मुळीच म्हणत नाही. गट कशासाठी आहेत ते आम्हांला माहीत आहे. पण घरातला पुरुष संध्याकाळी पारावर पत्ते खेळतो, तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की यातून सुटतं किती. बाई मात्र हातात काही घेऊन बसली की ते घराच्या नाहीतर गटाच्या कामाचं असावं लागतं. मावशींच्या सबंध आयुष्यात स्वतःसाठी केलेली ती एकच वस्तू होती, आणि तीही आम्ही ऑर्डरमध्ये घातली.

मॉरिशसमध्ये धंदा झाला, तसा उद्या आपल्याकडेही होईल. ज्यांना करायचा आहे त्यांनी जरूर करावा. आमच्यातल्या दोघी आता लाकूड नीट वाळवून, वर्षाला पाच-सहा होड्या विकतात. तो त्यांचा धंदा, त्याचा हिशेब वेगळा. पण गटात आम्ही एक नियम केला. जून-जुलैतल्या संध्याकाळी जे बनतं ते बनवणारीचं. ते विकायचं की ठेवायचं हे तिनं ठरवायचं, गटानं नाही. आणि कुणाकडूनही मागणी आली तर आधी करणारीला विचारायचं, मग हो म्हणायचं.

त्यानंतर मावशी परत आल्या. यंदा त्या उलांडीची होडी करत आहेत, म्हणजे जिच्या बाजूला तोल सांभाळायला लाकडाचा ओंडका जोडलेला असतो ती. त्यांची पहिली होडी घरात देवघराशेजारच्या फळीवर आहे. नात शाळेतून आली की बोट ठेवून विचारते, आजी हे काय? आणि आजी सांगते: ही नाळ, हा कणा, हे परबाण, हे सुकाणू. फायबरच्या होडीत आणि इंजिनाच्या आवाजात यांतले निम्मे शब्द गेले. नातीच्या तोंडी ते पुन्हा आले.

तुमच्या गावाला समुद्र नसेल. पण बैलगाडी असेल, मोट असेल, दगडी जातं असेल, जुना वाडा असेल, जो पुढच्या पावसाळ्यात राहील की नाही सांगता येत नाही. येत्या सभेत विषय संपल्यावर दहा मिनिटं काढा. तुमच्या आयुष्यातली कोणती वस्तू मोडीत निघाली, ते एकमेकींना विचारा. जिला करावीशी वाटेल तिनं टेप घ्या, वही घ्या आणि माप लिहायला लागा. प्रमाण एका फुटाला अर्धा इंच. आणि शेजारीण विचारेल, यातून सुटतं किती, तेव्हा तिलाही एक कानस देऊन शेजारी बसवा.